वाचकांचे प्रश्न : ख्रिसमस बेटावरची रानसुरळी

मागच्या अंकातल्या एका चौकटीत चार ओळी छापल्या होत्या : हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरची एक सापसुरळी, एकेकाळी रानभर दिसणारी; शेवटी हाती उरल्या फक्त तीन माद्या, आणि आता ती जगात कुठेच उरलेली नाही. त्या चार ओळींवर भरपूर पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकारांनी दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

सापसुरळी दिसली की आमच्याकडे लोक काठी घेऊन धावतात. ही तीच का? आणि हे बेट नेमके कुठे?
– एक शिक्षिका, कराड

कुळ तेच, जात वेगळी. आपल्याकडे दगडी बांधावर, अंगणातल्या कुंडीमागे दिसणारी चकचकीत अंगाची सापसुरळी आणि ख्रिसमस बेटावरची सुरळी या दोघी सिंसिडी कुळातल्या. गुळगुळीत, कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, आखूड पाय, लांब शेपूट ही या कुळाची ठेवण. काठी मात्र खाली ठेवायला सांगा. सापसुरळीला विष नसते. तिच्या चावण्याने माणूस दगावतो ही समजूत निखालस खोटी आहे आणि तिच्यापायी दरवर्षी कितीतरी सुरळ्या विनाकारण मरतात.

बेट आहे जावाच्या दक्षिणेला सुमारे ३५० किलोमीटरवर. ताबा ऑस्ट्रेलियाचा, पण पर्थ तिथून २,६०० किलोमीटर दूर. क्षेत्रफळ १३५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढी जागा होते तिच्या पाव भागाहूनही कमी. १६४३ साली नाताळच्या दिवशी एका इंग्रज कप्तानाचे जहाज जवळून गेले म्हणून हे नाव. (प्रशांत महासागरात याच नावाचे दुसरे एक बेट आहे, त्याचा इथे संबंध नाही.) १८८८ मध्ये माणसे राहायला येईपर्यंत इथे कायमची वस्ती नव्हती.

सुरळीचे शास्त्रीय नाव एमोइया नॅटिव्हिटॅटिस. नॅटिव्हिटॅटिस म्हणजे नाताळची. प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजर यांनी १८८७ मध्ये तिचे वर्णन केले. इंग्रजीत तिला फॉरेस्ट स्किंक म्हणत, म्हणून आम्ही रानसुरळी म्हणतो. रंगाने तपकिरी, शेपटीसकट वीतभर लांब. ती दिवसा वावरायची. मोठे झाड कोसळून रानाच्या छतात भोक पडले की खाली उन्हाचा कवडसा पडतो. तशा जागी पाचोळ्यावर आणि पडलेल्या ओंडक्यांवर ती ऊन खात बसायची.

एवढी सर्रास दिसणारी जात तीस-पस्तीस वर्षांत संपते कशी? शिकार तर कोणी करत नव्हते.
– प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, सांगली

शिकार नाही आणि रानही मोठ्या प्रमाणावर शाबूत होते. बेटाचा सुमारे ६३ टक्के भाग राष्ट्रीय उद्यान आहे. हीच गोष्ट या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. रान वाचवले की रानातले जीव वाचतात हा आपला नेहमीचा हिशेब इथे पुरा पडला नाही.

क्रम असा आहे. १९७९ मध्ये हॅरोल्ड कॉगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी केली तेव्हा रानसुरळी मुबलक होती. १९९८ च्या पाहणीत घट स्पष्ट दिसली. त्यानंतरच्या दहा वर्षांत ती एकेका कोपऱ्यातून नाहीशी होत गेली. रानात शेवटची दिसली २०१० मध्ये. पकडून ठेवलेल्यांपैकी शेवटची मादी, जिला सांभाळणारे 'गंप' म्हणत, ३१ मे २०१४ रोजी मेली. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याखालच्या संकटग्रस्त यादीत या जातीचे नाव चढले ते त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे शेवटचा जीव जाण्याच्या जेमतेम पाच महिने आधी. २०१७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे संकटातल्या जातींच्या जागतिक यादीत, तिच्यापुढे 'नामशेष' असे लागले.

ती एकटी गेली नाही. बेटावर सुरळ्या-पालींच्या मूळच्या पाच जाती होत्या : रानसुरळी, निळ्या शेपटीची सुरळी, किनारसुरळी, लिस्टरची पाल आणि मोठी पाल. किनारसुरळी या बेटावरून गेली, इतर देशांत आहे. निळ्या शेपटीची सुरळी आणि लिस्टरची पाल रानातून गेल्या. आज रानात मूळच्या पाचांपैकी फक्त मोठी पाल टिकून आहे.

सर्वांत सबळ संशय आहे तो एका सापावर. लायकोडॉन कॅपुसिनस हा साप बेटावर पहिल्यांदा नोंदला गेला १९८७ मध्ये. बहुधा जहाजाच्या मालातून आला. लायकोडॉन म्हणजे आपल्या कवड्याचेच घराणे. कवड्या घरात का शिरतो हे कोकणात कोणालाही विचारा : पालींसाठी. रात्री फिरायचे, खडबडीत भिंतीवर आणि सालीवर सहज चढायचे, फटीत घुसायचे आणि झोपलेली पाल किंवा सुरळी धरायची. रानसुरळी दिवसाची. रात्री ती सालीखाली, पाचोळ्यात निपचित असायची. लाखो वर्षे त्या बेटावर असा रात्रीचा शिकारी नव्हता, त्यामुळे त्याच्यापासून लपण्याची किंवा पळण्याची सवयही तिच्यात नव्हती. घसरण सुरू झाली तीही ईशान्येकडच्या वस्तीच्या आणि बंदराच्या बाजूने, आणि तिथून ती बेटाच्या आतल्या भागात सरकली. नव्या आलेल्या शिकाऱ्याच्या पसरण्याशी हे जुळते.

या बेटाला असा तडाखा पूर्वीही बसला होता. १८९९ मध्ये 'हिंदुस्तान' नावाच्या जहाजातून काळे उंदीर उतरले. त्यांच्या पिसवांबरोबर ट्रिपॅनोसोम हा रक्तातला परजीवी आला, आणि बेटावर उदंड असलेला मॅक्लीअरचा उंदीर काही वर्षांत संपला. १९०८ मध्ये शोध घेतला तेव्हा एकही मिळाला नाही. जुन्या संग्रहातल्या कातड्यांमधून डीएनए काढून हा परजीवी २००८ मध्ये सिद्ध झाला.

कवड्या बिनविषारी, गरीब साप. सगळे त्याच्यावर ढकलणे योग्य आहे का? बेटावर मुंग्यांचाही उच्छाद आहे असे वाचले आहे. आणि साप कारण असेल तर त्याला हटवत का नाहीत?
– एक सर्पमित्र, रत्नागिरी

प्रश्न रास्त आहे. आपल्या घरात निघणाऱ्या कवड्याचा यात काडीचाही दोष नाही. तो इथलाच, आणि इथल्या पाली त्याला ओळखून आहेत. घात झाला तो साप नको तिथे पोहोचल्यामुळे.

मुंग्यांचे म्हणाल तर पिवळ्या वेड्या मुंग्या बेटावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आल्या, पण त्यांच्या महावसाहती दिसू लागल्या १९८९ पासून. त्यांना मधासारखा गोड स्राव पुरवतो एक पिवळा लाखकिडा, तोही बाहेरून आलेला. मुंग्या फॉर्मिक आम्ल फवारतात. त्याने बेटाचे प्रसिद्ध लाल खेकडे कोट्यवधींच्या संख्येने मेले. लाखकिडा आटोक्यात यावा म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्यावर वाढणारी एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी सोडण्यात आली. मुंग्यांनी सुरळ्यांचे नुकसान केले नाही असे कोणी म्हणणार नाही. पण मुंग्या पोहोचल्या नव्हत्या तिथूनही सुरळ्या गेल्या, आणि दोन्हींच्या तारखा व जागा नीट जुळत नाहीत. रोगाचीही तपासणी झाली. सगळी संख्या कोसळावी असा आजार त्यात सापडला नाही. मोठी पाल मात्र टिकली. ती अंगाने मोठी आणि रात्री जागी असते, म्हणजे साप आला तर झोपेत सापडत नाही. आमच्या मते हाही सापाकडेच बोट दाखवणारा पुरावा आहे.

हटवण्याची अडचण आमिषाची आहे. ग्वाम बेटावर तपकिरी वृक्षसर्पाविरुद्ध एक उपाय वापरात आहे : मेलेल्या उंदराच्या पिल्लात ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल घालून, छोट्या छत्रीला बांधून हेलिकॉप्टरमधून रानात टाकायचे. एवढी मात्रा त्या सापाला मारक ठरते आणि तो मेलेले भक्ष्य खातो म्हणून उपाय चालतो. लायकोडॉनचे मुख्य अन्न जिवंत पाली-सुरळ्या. मेलेल्या उंदराला तो भुलेल याचा भरवसा नाही. पालच आमिष म्हणून वापरायची तर जी जात वाचवायची तिच्याच नातलगांवर विष जाते. शिवाय साप बारीक, निशाचर आणि फटीत राहणारा. १३५ चौरस किलोमीटर चुनखडीच्या कपारींतून तो वेचून काढायचा कोणी? कुंपण घालून एखादा तुकडा सापमुक्त करता येतो. त्यासाठी भिंत पूर्ण गुळगुळीत हवी, वर बाहेरच्या बाजूला वळलेली कड हवी, पाया जमिनीत खोल हवा, आणि भिंतीवर टेकणारी एकही फांदी चालत नाही. वादळात एक झाड आडवे झाले की तेवढ्या रात्रीत कुंपण निरुपयोगी होते.

एखादी जात 'नामशेष' कशावरून ठरवतात? दिसत नाही म्हणजे नाहीच, हे तर्काला धरून नाही.
– सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक, पुणे

नाहीच. म्हणूनच आययूसीएनची कसोटी कडक आहे : शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये. जातीच्या सगळ्या ज्ञात आणि संभाव्य जागी, योग्य ऋतूत, दिवसाच्या योग्य वेळी, तिच्या आयुर्मानाला साजेशा कालावधीपर्यंत शोध झालेला हवा. शंका उरली तर 'अतिसंकटग्रस्त, कदाचित नामशेष' अशी मधली पायरी ठेवली आहे. त्या 'कदाचित'ला व्यवहारात मोठा अर्थ आहे. घाईने नामशेष म्हटले तर संरक्षण आणि पैसा दोन्ही थांबतात, आणि लपून राहिलेले शेवटचे दहा-वीस जीव वाऱ्यावर पडतात.

तुमच्या विषयाच्या अंगाने सांगायचे तर पहिला आकडा लागतो तो 'असेल तर दिसण्याची शक्यता'. समजा, सुरळी त्या जागी असेल तर एका फेरीत ती दिसण्याची शक्यता १० टक्के आहे. फेरी रिकामी जाण्याची शक्यता ०.९. सलग २९ फेऱ्या रिकाम्या जाण्याची ०.९ चा २९ वा घात, म्हणजे सुमारे ०.०४७. पाच टक्क्यांच्या खाली यायला २९ फेऱ्या लागल्या. दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल तर ९ फेऱ्या पुरतात. दोनच टक्के असेल तर १४९ लागतात. खरी गोची इथे आहे. जात विरळ झाली की तिची दिसण्याची शक्यताही घसरते, म्हणजे ज्या काळात सर्वांत जास्त फेऱ्या हव्यात त्याच काळात जुना आकडा धरून आपण लवकर थांबतो. दुसरी चूक फेऱ्यांच्या निवडीत होते. एकाच पायवाटेने, एकाच आठवड्यात २९ वेळा चालणे म्हणजे २९ स्वतंत्र फेऱ्या नव्हेत.

दुसरी पद्धत नोंदींच्या तारखांवरून जाते. अँड्र्यू सोलो यांनी १९९३ मध्ये मांडलेले सूत्र साधे आहे : पाहणी सुरू झाल्यापासून शेवटच्या नोंदीपर्यंतचा काळ भागिले पाहणीचा आजपर्यंतचा एकूण काळ, आणि त्याचा घात नोंदींच्या संख्येइतका. उदाहरणादाखल, पहिल्या २० वर्षांत १० नोंदी आणि पुढची १० वर्षे कोरी. मग २०/३० चा दहावा घात, सुमारे ०.०१७. जात अजून असती तर निव्वळ योगायोगाने एवढी लांब कोरी पट्टी पडण्याची शक्यता पावणेदोन टक्के. पण हे सूत्र शोधाची मेहनत सगळी वर्षे सारखी होती असे गृहीत धरते. एका वर्षी सहा माणसे महिनाभर फिरली आणि पुढची पाच वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर आलेला आकडा पोकळ असतो.

रानसुरळीच्या बाबतीत दोन गोष्टी निकाल द्यायला उपयोगी पडल्या. ती दिवसा उघड्यावर ऊन खाणारी, म्हणजे लपून राहणाऱ्या पालीपेक्षा शोधायला सोपी. आणि उद्यानाची माणसे वर्षानुवर्षे नियमित पाहण्या करत होती, त्यामुळे 'शोधलेच नाही' ही पळवाट उरत नाही.

तीन माद्या हाती होत्या असे तुम्ही लिहिले होते. मग वंश का वाढला नाही?
– एक वाचक, नाशिक

कारण तिघीही माद्याच होत्या. २००९-१० मध्ये बेटावरच्या सुरळ्या आणि पाली पकडून जपायचे ठरले तेव्हा निळ्या शेपटीच्या ६६ सुरळ्या आणि लिस्टरच्या ४३ पाली मिळाल्या. रानसुरळीच्या मिळाल्या तीनच. नर शोधूनही सापडला नाही.

नर मिळाला असता तरी पुढचा रस्ता अवघड होता. मूळ जोडीदारांची संख्या जितकी, त्याच्या दुप्पट करून एकाला भागा. तेवढा जनुकीय विविधतेचा भाग पहिल्याच पायरीवर गळतो. ६६ जिवांत तो एक टक्क्याहून कमी, ४३ मध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास. तिघांत सहावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ १७ टक्के, आणि संख्या तशीच राहिली तर पुढच्या प्रत्येक पिढीत उरलेल्यातला पुन्हा तेवढाच. वर एमोइया गणातल्या सुरळ्या सहसा एका वेळी दोनच अंडी घालतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढवून ही गळती थांबवण्याचा मार्गही अरुंद.

याच बेटावर बाहेरून आलेला आणखी एक साप आहे : आपला वाळा, ओल्या मातीत गांडुळासारखा दिसणारा. वाळ्याच्या सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय त्यांना पिल्ले होतात. कुंडीच्या मातीतून एक वाळा कुठेही पोहोचला की तिथे त्याची वस्ती होऊ शकते. रानसुरळीला ती सोय नव्हती.

म्हणजे उरलेल्या दोन जाती वाचल्या म्हणायचे?
– गृहिणी, डोंबिवली

जिवंत आहेत, पण रानाबाहेर. बेटावरच्या प्रजनन केंद्रात, आणि २०११ पासून सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयातही. वीण चांगली झाली. त्यानंतर दोन संकटे आली.

पहिले, रोग. २०१४ मध्ये केंद्रातल्या काही सुरळ्यांच्या आणि पालींच्या डोक्याला, तोंडाला गाठी येऊ लागल्या. गाठी वाढत जाऊन प्राणी दगावत. कारण निघाले एक नवाच जिवाणू. त्याला एंटरोकॉकस लॅसर्टिडेफॉर्मस नाव दिले. तो बेटावर मोकाट फिरणाऱ्या आशियाई घरपालीत सापडला, जी आपल्याही भिंतींवर असते. म्हणून केंद्राची जाळी सुरळी बाहेर जाणार नाही एवढीच बारीक असून भागत नाही. बाहेरच्या पालीचे नुकते फुटलेले पिल्लूही आत शिरणार नाही इतकी बारीक लागते. दाराखालची फट, पाइपाच्या कडेची फट, वायरीचे भोक, सगळे बुजवावे लागते. प्रत्येक पिंजऱ्याचे चिमटे आणि पाण्याची भांडी वेगळी. आधी निरोगी पिंजरे, मग संशयित, शेवटी आजारी. हा क्रम उलटला की सांभाळणारी माणसेच रोग वाहून नेतात.

दुसरे, सोडायचे कुठे? ख्रिसमस बेटावर २०१७ मध्ये कुंपणाच्या आत निळ्या शेपटीच्या सुरळ्या सोडून पाहिल्या. साप अडवला, पण आत मोठ्या गोमी होत्या. त्यांनी सुरळ्या मारल्या. वीतभर लांबीची घोण सुरळीला सहज पेलते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मग नजर वळली कोकोस (कीलिंग) बेटांकडे, जिथे लायकोडॉन नाही. २०१९ मध्ये पुलू ब्लान या चिमुकल्या बेटावर ३०० सुरळ्या आणि २०२० मध्ये शेजारच्या पुलू ब्लान मादारवर आणखी ३०० सोडल्या. तिथे त्यांची वीण झाली आहे. स्वतःच्या बेटापासून जवळपास हजार किलोमीटरवर, उसन्या घरात.

आमच्या मॉरिशसमध्येही सुरळ्या आहेत. इथे काय स्थिती?
– एक मराठी वाचक, वाक्वा

तुमच्याकडचा अनुभव जगाने शिकावा असा आहे. इल प्लात या छोट्या बेटावर केशरी शेपटीची सुरळी होती, जगात फक्त तिथेच. ही एकाच टोपलीतली अंडी धोक्याची, म्हणून २००८ ते २०१० दरम्यान त्यातल्या काही सुरळ्या क्वें द मीर बेटावर नेऊन सोडल्या. त्याच २०१० मध्ये इल प्लातवर चिचुंद्री आढळली, बहुधा बोटीच्या सामानातून आलेली. वर्ष-दीड वर्षात तिथल्या केशरी शेपटीच्या सुरळ्या संपल्या. आधी हलवल्या नसत्या तर ती जात आज 'कदाचित नामशेष'च्या यादीत असती. कुठलीही घट दिसत नसताना केलेले हे स्थलांतर होते. ख्रिसमस बेटावर नेमके हेच दहा वर्षे आधी व्हायला हवे होते.

राऊंड आयलंडवर वेगळा उपाय चालला. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यावर झाडोरा परतला आणि टेलफेअरची सुरळी पुन्हा वाढली. तुम्ही किंवा तुमचे आप्त इल प्लातला सहलीला जात असाल तर बोटीत चढण्याआधी डबे, पिशव्या, चटया जमिनीवर पूर्ण उलट्या करून झटका. उघडी टोपली रात्रभर धक्क्यावर ठेवू नका. चिचुंद्री आणि उंदीर त्यातूनच जातात.

जपून ठेवलेल्या नमुन्यांतून क्लोन करून ही जात परत आणता येईल का?
– बारावीची विद्यार्थिनी, लातूर

आज तरी नाही. सस्तन प्राण्यांत बीजांड बाहेर काढून त्यातले केंद्रक बदलता येते. सुरळीचे अंडे मादीच्या पोटातच फलित होते आणि बाहेर येते तेव्हा त्यातला गर्भ बराच वाढलेला, वर कवच. मधे हात घालायला जागाच नाही. २०१९ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात सरड्याच्या एका जातीत जनुकबदल जमला, तोही मादीच्या अंडाशयातल्या अपक्व बीजांडांत सुई टोचून. त्याला जिवंत मादी लागते. तीच इथे नाही.

'कदाचित नामशेष' म्हटलेल्या जाती पुन्हा सापडल्याची उदाहरणे आहेत का?
– एक वाचक, पणजी

आहेत, आणि बेटांवरचीच जास्त. जमैकाचा इग्वाना १९४० च्या दशकात संपला असे मानत. १९९० मध्ये हेलशायर टेकड्यांत तो जिवंत मिळाला. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावरचा मोठा सरडा १९९९ मध्ये एका कड्यावर सापडला, तेव्हा जेमतेम सहा दिसले. न्यू कॅलेडोनियातली बोकूरची सुरळी एकोणिसाव्या शतकातल्या एकाच नमुन्यावरून ठाऊक होती, ती २००३ मध्ये एका बेटुल्यावर मिळाली. तिन्हींत एक समान धागा आहे. शिकारी पोहोचायला अवघड असा कडा, कोरडी काटेरी टेकडी किंवा मुख्य बेटापासून तुटलेला खडक. शोध तिथून सुरू करावा.

अजून न सापडलेल्यांत जमैकाचा मोठा गॅलीवॉस्प हा सरडा आहे. तिथे मुंगूस आणले ते भारतातूनच : १८७२ मध्ये उसाच्या मळ्यातल्या उंदरांसाठी नऊ मुंगसे, चार नर आणि पाच माद्या. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. मुंगसांनी जमिनीवरचे सरडे आणि पक्षी उचलले. ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहातला गॅलीवॉस्पचा एक जुना नमुना २०२४ मध्ये जमैकाला परत दिला गेला. रेड लिस्टमध्ये ही जात अजून अतिसंकटग्रस्त आहे, नामशेष नाही. रानसुरळीबद्दल मात्र आम्ही तशी आशा लावणार नाही. ख्रिसमस बेटावर साप सगळीकडे पोहोचला आहे, आणि तो चढू शकणार नाही असा कोपरा तिथे नाही.

आम्ही शाळेची मुले घेऊन सड्यावर, बागेत सुरळ्या मोजू शकतो का? कशा?
– शिक्षक, देवगड

जरूर मोजा. पकडायचे मात्र नाही, हातही लावायचा नाही. २०० मीटरची एक रेघ ठरवा आणि दोन्ही टोकांना खूण करा. सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान, ऊन असताना, दोघांनी सावकाश ३० मिनिटांत ती चालायची. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरपर्यंत जे दिसेल तेवढेच धरायचे. त्यापलीकडे कुठे सळसळ ऐकू आली तर ती वेगळ्या रकान्यात. महिन्यातून दोन फेऱ्या पुरेत. नोंदीत तारीख, वेळ, ऊन-ढग, सावलीतले तापमान, चालणारे किती आणि सुरळ्या किती एवढे हवे. जात ओळखता आली नाही तर नुसते 'सुरळी' लिहा, अंदाजाने नाव घालू नका. फोटो काढलात तर पाठीचा आणि कुशीचा, दोन्ही हवेत. शेपटीचा एकटा फोटो ओळखीला कुचकामी.

मुले एक चूक हमखास करतात. काही दिसले नाही की पान कोरे ठेवतात. त्या दिवशी चाललो आणि शून्य दिसल्या, असे लिहायलाच हवे. ख्रिसमस बेटाची १९७९ आणि १९९८ या दोन पाहण्यांमधली वर्षे अशी भरलेली असती, तर घट कुठल्या वर्षी सुरू झाली हे तेव्हाच कळले असते आणि त्या वेळी नर पकडायलाही मिळाले असते. ढगाळ दिवसाची फेरी उन्हाच्या दिवसाच्या फेरीशी तोलू नका. सड्यावर वणवा लागला किंवा जेसीबी फिरला तर त्याची तारीख त्याच वहीत, त्याच पानावर घाला.